उतारावरचा ठोका

'धाड्!'

करड्या गाडीच्या पोटातून आवाज आला, गाडी अंगभर हादरली आणि उताराच्या पायथ्याशी सतरंज्यांवर बसलेल्या माणसांनी एकदम श्वास रोखला.

"आली!" सारथी महाराजांनी पांढरा हातमोजा घातलेला हात वर केला. "आई आली! बसली शेजारच्या सीटवर! आता हळू काढ गाडी, बेटा. तिला धक्के सोसत नाहीत, ठाऊक आहे ना?"

स्टिअरिंगमागचा मिशाळ बँकवाला एरवी खातेदारांच्या अंगावर वसकन ओरडायचा. आता तो लहान पोरासारखा मुसमुसत शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावत होता. खाली रुमाल बाहेर निघाले. कुणीतरी हात जोडले. मग शिट्टी वाजली आणि पुढच्या गाडीचा नंबर आला.

हे सारं चालायचं टायरच्या एका बंद पडलेल्या गोदामामागे, दर रविवारी सकाळी. आवार ऐसपैस होतं, पण उतरतं. वरच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली तेवढी सपाट जागा, तिथं महाराजांची स्वतःची गाडी. बाकीच्या गाड्या उतारावर, तोंड वर करून, रांगेत. महाराजांचं तत्त्वज्ञान ऐकायला सोपं होतं. माणूस मेला की जातो कुठं? फार लांब जात नाही. जिथं रोज बसायचा तिथंच बसतो. आणि हल्लीचा माणूस घरापेक्षा गाडीतच जास्त बसतो, हे कोण नाकारणार?

"मात्र गाडी ऑटोमॅटिक पाहिजे," महाराज बजावत. "हातानं गिअर टाकायच्या गाडीत तुमचा अहंकार गिअर टाकतो. जिथं गिअर आपोआप पडतो, तिथं दुसऱ्या कुणाच्या हाताला जागा असते. कळलं?"

कळलेलं कुणालाच नसायचं, पण माना हलायच्या. साध्या गिअरच्या गाड्यांचे मालक ओशाळून आपल्या गाड्या बाहेर रस्त्यावरच लावत. त्यांतल्या काहींनी तर केवळ मेलेल्या नातेवाइकाची सोय व्हावी म्हणून गाडी बदलली.

आवारात शिरताना महाराजांचा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा असे. "हँडब्रेक ओढायचा नाही हं! पार्कमध्ये टाका, पाय उचला आणि भरवसा ठेवा. ज्याला आणायचंय त्यालाच करकचून बांधून ठेवता होय?" एकदा गाडी लावली की शेजारच्याशी बोलायचं नाही, कारण गेलेलं माणूस परक्यांसमोर बुजतं. आणि गाडी गॅरेजला द्यायची नाही. परक्याचा तेलकट हात लागला की आपलं माणूस उठून जातं, असं महाराजांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी बरंच काही स्वतः पाहिलेलं असे.

तिसऱ्या रांगेतल्या निळ्या गाडीत बाई बसल्या होत्या. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी विज्ञान शिकवलं, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. नवरासुद्धा चारचौघांत त्यांना गमतीनं बाईच म्हणायचा. तरफ, उतरण, घर्षण हे सगळं फळ्यावर आखून दाखवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाई इथं कशा, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्यानं एकदा चाळीस वर्षं दोघांसाठी स्वयंपाक केल्यानंतर एकट्यापुरता करून बघावा. पातेलं मोठं वाटतं. चव घ्यायला कुणी नसतं, आणि मीठ जास्त झालं तरी ओरडायला कुणी नसतं.

नवरा थंडीत गेला. गाडी त्याची होती. उतारवयात त्यानंच हट्टानं बाईंना चालवायला शिकवली होती. तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी बाई दचकत. मग एक शेजारीण त्यांना इथं घेऊन आली. बाई नाक मुरडतच आल्या, पण त्यांच्याच गाडीतून 'धाड्' झालं, सीटला, पाठीला, थेट छातीला धक्का बसला, आणि त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "अहो?"

त्या 'अहो'साठी त्या पुढे प्रत्येक रविवारी येत राहिल्या.

दुसरीही एक खूण होती. घराच्या फाटकाशी सकाळी गाडी ड्राइव्हमध्ये टाकली की ती लगेच हलायची नाही. इंजिन सुरू, गिअर पडलेला आणि गाडी आपली ढिम्म. महाराज म्हणाले होते, "घरातून पाय निघत नाही त्याचा. मनधरणी कर." मग बाई म्हणत, "अहो, चला. चला ना. चला आता," आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत गाडी एक हिसका देऊन निघे. कधीकधी आठवडाभरात त्यांचं कुणाशी झालेलं बोलणं तेवढंच असे.

नाही म्हणायला मुलगी होती, दूरच्या शहरात. तिचा फोन यायचा. "आई, इकडे ये ना. तुझ्यासाठी खोली मोकळी करून ठेवलीय. एकटी काय करतेस तिथं?"

बाईंनी महाराजांना विचारलं होतं. महाराजांनी डोळे मिटले आणि हातमोजा त्यांच्या डोक्यावर ठेवला. "जा की. पण तो इथं यायला शिकलाय. तू गेलीस तर ठोका कुणासाठी देईल तो?"

बाईंनी मुलीला नाही सांगितलं. कारण सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा फक्त तुझ्याशी बोलतात का गं, आई?" तेव्हापासून मुलीचे फोन कमी झाले.

मग डोळ्यांच्या दवाखान्याचा तो दिवस उजाडला. दवाखान्याखालचं पार्किंग भरलं होतं, म्हणून तिथल्या रखवालदारानं बाईंना गाडी चढाच्या रस्त्यावरच, कडेला लावायला सांगितली. बाईंनी आवारातल्या सवयीनं पार्कमध्ये टाकली, पाय उचलला आणि वर गेल्या. डोळे तपासून झाले, डोळ्यांत घातलेल्या थेंबांचा अंमल उतरला, तशा त्या खाली आल्या. गाडी सुरू केली. गिअर ओढला.

'धाड्!'

"अहो! तुम्ही इथं?"

बाई चक्क हसल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. ना रविवार, ना महाराज, ना शिट्टी, आणि हा माणूस आपणहून दवाखान्यात आला! त्याला आपली काळजी वाटली. डोळ्यांचं काय झालं ते विचारायला आला. बाईंनी त्याला सांगितलंही, की मोतीबिंदू आहे पण घाई नाही म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या गाडीत एक तरुण मुलगी येऊन बसली. तिनं गाडी सुरू केली, आणि तिच्याही गाडीतून तसंच 'धाड्' झालं. बाई गाडी परत पार्कमध्ये टाकून लगबगीनं उतरल्या आणि तिच्या काचेवर टकटक केली.

"तुझं कोण गेलं, बाळ?"

"कुठं गेलं?" मुलगी गोंधळली. "आईला वर चष्मा बघायला सोडलंय."

"आणि वडील?"

"हे काय, मागे झोपलेत." मागच्या सीटवर एक गृहस्थ खरोखरच तोंड उघडं टाकून घोरत होते.

"मग आत्ता हा ठोका कुणी दिला?"

"अहो आजी, ही गाडी तर भाड्याची आहे. चढावर लावली की अशीच दणकते. सपाटीवर नाही काही होत."

मुलगी निघून गेली. बाई परत आपल्या गाडीत येऊन बसल्या. सपाटीवर काही होत नाही. घरी, फाटकाशी, कधीच ठोका झाला नव्हता. घर सपाटीवर होतं. हे आपल्या लक्षात आलं नव्हतं, की लक्षात येऊ द्यायचं नव्हतं? वर्गात हजारदा सांगितलेलं वाक्य त्यांना आठवलं. एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि मग बघा.

त्यांनी पुन्हा एकदा पार्कमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी बोटभर मागे कलली आणि अडकून थांबली. हे कलणं त्यांच्या ओळखीचं होतं. तो शेजारी येऊन बसतो तेव्हाचं ते, असं समजत होत्या त्या. परत गिअर काढला. 'धाड्!'

आता त्यांनी गाडी जागेवर धरून आधी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय सोडून गाडीचं वजन त्याच्यावर बसू दिलं. मग पुन्हा ब्रेकवर पाय ठेवून पार्कमध्ये टाकली. थांबल्या. डोळे मिटले. गिअर काढला.

काही नाही. नुसतं 'टिक'.

पुन्हा केलं. टिक. हँडब्रेकशिवाय केलं. धाड्! हँडब्रेक ओढून केलं. टिक. ज्याची आठवडाभर डोळ्यांत प्राण आणून वाट बघायची, तो आता दिव्याच्या बटणासारखा येत-जात होता.

मागून रखवालदार ओरडला, "आजी, निघताय की नाही? खोळंबा झालाय!"

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या. "माझं माणूस जातंय."

तो वरमला आणि मागच्या गाड्यांना थांबवायला धावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी गॅरेजला दिली. गिअरबॉक्सचं ऑइल काळं पडलं होतं आणि खाली गळून कमीही झालं होतं. गॅरेजवाल्यानं विचारलं, शेवटचं कधी बघितलं होतं? "हे होते तेव्हा," बाई म्हणाल्या. नवरा वेळच्या वेळी सगळं करून घ्यायचा. गळती बंद झाली, नवं ऑइल पडलं आणि पुढच्या सकाळी फाटकाशी गिअर टाकताच गाडी निघाली. बाईंचं "अहो, च—" तोंडातच राहिलं. ऑइल कमी, म्हणून गिअर धरायला वेळ लागत होता. मनधरणीची काही गरज नव्हती.

पहिल्यांदा तो गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. ह्या वेळी सांत्वनालाही कुणी आलं नाही. काय सांगणार होत्या, की गाडी दुरुस्त झाली म्हणून रडतेय? त्या फाटकाबाहेरच गाडी थांबवून एकट्याच रडल्या.

गप्प राहणं सोपं होतं. रविवारी जाणं बंद केलं की झालं, बाकीच्यांना आपापले ठोके लखलाभ. पण एक चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. गाड्यांच्या रांगा उतारावर आणि रांगांच्या बरोबर खाली, सतरंज्यांवर, माणसं. प्रत्येक गाडीचं सगळं वजन कशावर टेकलेलं होतं ते बाईंनी आता गॅरेजवाल्याकडून जाणून घेतलं होतं. गिअरबॉक्समधल्या अंगठ्याएवढ्या एका खिटीवर.

रविवारी त्या गेल्या. शिट्टीवाल्याची पाठ वळताच त्यांनी हँडब्रेक ओढला आणि गाडीचं वजन त्याच्यावर सोडलं. त्यांची पाळी आली. महाराजांचा हातमोजा वर गेला. बाईंनी गिअर काढला.

टिक.

आवारात कुजबुज झाली. महाराजांनी नाक वर करून हवेचा वास घेतला. "श्रद्धा ढळलीय. गाडीला परक्याचा हात लागलाय. तो रुसला, बाई."

"मग तुम्ही बसा," बाई उतरत म्हणाल्या. "तुमची श्रद्धा तर ढळलेली नाही?"

"मी बसलो तर माझेच पूर्वज येतील, तुझा नवरा कसा येईल?"

"तेही चालतील. कुणीही येऊ द्या."

खालून कुणीतरी फिसकन हसलं. आता माघार घेणं महाराजांना शोभलं नसतं. ते बसले. बाईंनी आधीसारखाच हँडब्रेक ओढून गाडी पार्कमध्ये टाकून घेतली. महाराजांनी डोळे फिरवले, पुटपुटले आणि गिअर काढला. टिक. पुन्हा टाकून काढला. टिक.

"महाराजांचे पूर्वजही रुसले वाटतं," बाई म्हणाल्या, आणि शाळेतल्या आवाजात खाली वळल्या. "आधी सगळे तिथून उठा! त्या भिंतीशी उभे राहा. उठा म्हणते ना!"

लोक उठले. त्या आवाजावर उठायची गावाला सवय होती. माणसं बाजूला झाल्यावर बाईंनी शिट्टीवाल्याला बोलावलं. "तुमच्या घरचे सगळे हयात आहेत?"

"हो तर. चांगले धडधाकट."

"बसा गाडीत. हँडब्रेक सोडून तुमच्या पद्धतीनं पार्कमध्ये टाका. आता काढा गिअर."

'धाड्!'

"कोण आलं?"

शिट्टीवाल्याच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. त्यानं शेजारच्या सीटकडे बघितलं, महाराजांकडे बघितलं, हँडब्रेक करकचून ओढला आणि दार उघडून बाहेर उडी मारली.

बाईंनी मग समजावून सांगितलं. पार्कमध्ये टाकलं की एक खिटी दातेरी चाकात जाऊन बसते. उतारावर हँडब्रेक नसला की गाडी त्या खिटीवर लटकते. दारावर आतून कुणी रेलून उभं असलं की कडी कशी ओढून काढावी लागते? तशी ती खिटी ओझ्याखालून निसटते आणि दणका बसतो. आत्म्याचा काही संबंध नाही. दर रविवारी ती खिटी झिजतेय. ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी गाडी तुमच्या अंगावर येईल.

"माझी आई गेलीय, तुम्हाला काय कळणार!" मिशाळ बँकवाला ओरडला.

"माझे हे गेले," बाई म्हणाल्या. "आणि हे सांगून मी त्यांना दुसऱ्यांदा घालवतेय. मला काय हौस आहे? पण मला सांगा, आपण कधी शेजारच्याला विचारलं का, की तुझ्याकडे सपाटीवर ठोका होतो का? विचारू दिलंच नाही आपल्याला. बोलायची बंदी कुणाच्या सोयीची होती? आणि एकदा महाराजांची स्वतःची गाडी बघून या. ती तर सपाटीवर आहे."

बँकवाला तरातरा वर गेला आणि काचेतून आत डोकावला. मग तो तिथूनच ओरडला.

"हँडब्रेक ओढलाय. पार टोकापर्यंत!"

पुढचा गलका मांडत बसण्यात अर्थ नाही. तेवढ्या गडबडीत महाराजांनी हातमोजे खिशात घातले आणि गाडीत बसून वरच्या फाटकातून पोबारा केला. त्यांच्या गाडीचा जराही आवाज आला नाही.

लोक मात्र लगेच पांगले नाहीत. काही बाईंवर चिडून गेले, काही खाली मान घालून गेले. शेवटी बाईंच्या शेजारची एक जुनी गाडी तेवढी उरली. तिच्यात तपकिरी स्वेटर घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. महिनोन् महिने ही दोघं शेजारी गाड्या लावत होती, पण एकमेकांशी अवाक्षर बोललेली नव्हती. त्यांनी काच खाली केली.

"एकदाच ऐकू का, बाई? शेवटचं?"

"ऐका ना. मी कोण अडवणार? आता खाली कुणी नाही."

त्यांनी ऐकलं. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं, आणि पुन्हा गिअर काढला. टिक. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"तुमचं कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"मुलगा. मी इथं यायचो तेव्हा मला वाटायचं, तोच चालवतोय." त्यांनी स्टिअरिंगवरून डोकं उचललं. "त्याला खरं तर चालवायला येतच नव्हतं. मी शिकवणार होतो. राहून गेलं."

बाई त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. मग ते मुलाबद्दल बोलत राहिले आणि बाई नवऱ्याबद्दल. तो किती बेसूर गायचा, आणि गाडी शिकवताना किती ओरडायचा, ते सगळं. बोलता बोलता गृहस्थ एकदा हसलेसुद्धा.

घरी आल्यावर बाईंनी मुलीला फोन लावला.

"आई? आज रविवार ना? तू तिकडे नाही गेलीस? बाबा..."

"बाबा नाहीत गं," बाई म्हणाल्या. "ते कुठंच नाहीत."

हे त्यांनी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. पलीकडे मुलीचा बांध फुटला, इकडे बाईंचा. बाबा गेले तेव्हापासून दोघी आपापल्या घरात, एकेकट्या रडत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघी मिळून रडल्या, आणि मग खोलीत पलंग खिडकीशी ठेवायचा की भिंतीशी, यावर त्यांचं थोडं भांडणही झालं.

असले महाराज लोकांना लुबाडतात, असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण ह्या महाराजानं चोरली ती वस्तू वेगळीच होती. त्यानं एका आईला आणि लेकीला एकत्र रडू दिलं नव्हतं. गेलेल्या माणसाची आठवण येणं ही अंधश्रद्धा नाही. ती येणारच, आणि तिच्यावर औषध नाही. पण त्या आठवणीला कुणी खूण दाखवू लागला आणि वर प्रश्न विचारू नका म्हणाला, तर तिथं हमखास थांबा. एक गोष्ट बदलून बघा. शेजारच्याला विचारा. दुखतं तिथं तर आधी विचारा, कारण आपण जिथं एकटे असतो, नेमके तिथंच फसतो.